वाघोबानं नाकारलेली शिळा

देवानंच तोंडावर नाही म्हटलं, तर माणसानं दाद मागायची कुणाकडं? भिवा पाथरवटावर ही पाळी आली ती दिवाळीतल्या वाघबारशीच्या दिवशी, सगळ्या गावादेखत.

कळव्याच्या अंगाला, पारसिकच्या डोंगराखाली पाथरवटांची चार-पाच घरं होती. खाणीतला दगड काढायचा, जाती-पाटे घडवायचे, कुणाच्या देवळाला पायरी तर कुणाच्या विहिरीला चिरा, यावर त्यांचं पोट. भिवा त्यांच्यातला जुना हात. आणि त्या मुलखात वाघ होता, म्हणून आणखी एक काम भिवाकडं बापजाद्यांपासून चालत आलं होतं. वाघानं माणूस नेला की त्याच्या नावाची शिळा घडवायची. वर चंद्र-सूर्य, मधे वाघ, खाली हात जोडलेला माणूस. वाघबारशीला ती शिळा डोंगराच्या पायथ्याशी वाघोबाच्या ठाण्यावर बसवायची, नारळ-कोंबडं द्यायचं, की गेलेल्याला जागा मिळाली. ज्याचं प्रेत हाती लागलं नाही त्याला तर शिळेवाचून सुटकाच नाही. शिळा बसेपर्यंत तो मेलेलाही नाही आणि जिवंतही नाही. त्याच्या बायकोनं कुंकू पुसायचं नाही आणि नवा चुडाही भरायचा नाही. शिळा बसलीच नाही तर बारा वर्षं अशी अधांतरी लोंबकळायची बिचारी.

आजवर भिवानं लोकांच्या शिळा घडवल्या. या खेपेला घरची घडवली. त्याच्या एकुलत्या एका लेकाची, काळुरामची.

आता काळुरामला काही पारसिकच्या वाघानं नेलेलं नव्हतं. साहेबानं आफ्रिकेच्या रानातून आगगाडी काढली होती आणि कामाला गडी मुंबई बंदरातून आगबोटीनं नेत होते. काळुराम त्यांच्यात गेला. बायको गोदा, अंगावरची पोर शेवंती आणि म्हातारा बाप, सगळ्यांना मागं ठेवून गेला. तीन सालांत येतो म्हणाला. त्याच्याबरोबर गेलेला कल्याणचा पोपट नावाचा गडी तापानं खंगून, हाडांचा सापळा होऊन परत आला, आणि आला तो थेट भिवाच्या ओसरीवर. बसला, पाणी प्याला आणि मान खाली घालून म्हणाला, "बाबा, काळूला सिंहानं नेला. तंबूतनं वढून नेला."

गोदा दाराआड होती ती बाहेर आली. सासऱ्यासमोर मोठ्यानं न बोलणारी पोरगी, पण त्या दिवशी बोलली.

"भावजी, तुम्ही पाह्यलंत?"

"मी पल्याडच्या तंबूत व्हतो, वैनी. आरडाओरडा ऐकला. सकाळी तंबू फाटलेला. काळू नव्हता."

"म्हंजे पाह्यलं नाय."

"पाह्यलं नाय. पन…"

"मग झालं तर," गोदा म्हणाली आणि चुलीपुढं जाऊन बसली.

तिचं एकच म्हणणं. चौघांना न हलणारा चिरा जो एकटा पाठीवर घेतो, त्याला एक जनावर उंदरासारखं ओढून नेतं? कुणाला सांगता? गावानंही आपलं डोकं चालवलं. कुणी म्हणालं, तिकडं दुसरं घर केलं असेल, आणि हा पोपट त्याचं पांघरूण घालतोय. लोकांच्या तोंडाला काय, हात थोडाच लावता येतो! बुडत्याला काडीचा आधार म्हणतात, तसा गोदाला त्या कुचाळक्यांचाही आधार वाटायचा. दुसरी केली तर केली, पण असेल तर खरा कुठंतरी. असं म्हणायची ती.

भिवाचं मात्र ठरलं होतं. पोपट खोटं बोलणारा नव्हता. पावसाळाभर भिवानं शिळा घडवली. आता, सिंह त्यानं कुठं पाहिला होता? देवळांच्या दारांवर सिंह त्यानंही घडवले होते, त्याच्या बापानंही. कुत्र्याचा जबडा, घोड्याची मान आणि बटबटीत डोळे. बाप जसा काढायचा तसा लेक काढायचा. खरा कुणीच बघितला नव्हता. पोराच्या शिळेवर असलं सोंग काढायला त्याचा हात धजेना. वाघ त्याच्या हाताला ठाऊक होता. जनावर ते जनावर, असं म्हणून त्यानं वाघच काढला. फार सुरेख उतरला. वाघबारशीला शिळा ठाण्यावर नेली, शेंदूर लावला, भगताच्या अंगात वाघोबा आला. आला तो चवताळूनच. शिळेभोवती फिरला, तिचा वास घेतला आणि ओरडला, "ह्याला मी नेला नाय! माझं नाव ह्याच्यावं कोनी घातलान? ज्यानं नेला त्याला इचारा!"

आणि भगतानं लाथेनं शिळा पालथी पाडली.

भिवाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आणि गोदा? गोदाचे डोळे भरून आले होते, पण तोंडावर हसू होतं. परतीच्या वाटेवर ती म्हणाली, "ऐकलंत ना मामंजी? देव सोताच्या तोंडानं बोलला. त्यांना नेलेलं नाय."

"देव म्हनाला, मी नेला नाय. कुनीच नेला नाय असं कुठं म्हनाला?"

"देव खोटं बोलंल का?"

एकाच बोलण्याचे दोघांनी दोन अर्थ घेतले आणि आपापला अर्थ पोटाशी धरून दोघं घरी आली.

दिवाळी सरली तसा गोदाचा भाऊ धोंडीबा कल्याणहून आला. माणूस सरळ. आल्या आल्या मुद्द्यावर आला. "भिवाबाबा, काय ती नीट शिळा बसवा आन् पोरीला मोकळी करा. आपल्यात पाट लागतो, विधवेचं दुसरं लगीन व्हतं. कल्याणात एक गडी हाय, बायको गेलेली, दगडातलाच हाय. शेवंतीलासुदीक पदरात घेतो म्हनतो. बारा वर्सं वाट बघून म्हातारी झाल्यावं तिला कोन पुसनार हाय?"

बोलणं चुकीचं नव्हतंच. पंचांचंही तेच मत होतं. "बघतो," भिवा म्हणाला. भिवाची बायको जाऊन बरीच सालं झाली होती. घर म्हणजे आता गोदा होती. सकाळी चूल पेटायची ती गोदामुळं. खाणीवरून आल्यावर "आजा आला" म्हणून पायाला मिठी पडायची ती शेवंतीची. शिळा बसली की दोघी कल्याणला जाणार आणि याच्या पुढ्यात राहणार दगड. ठाण्यावर शिळा पालथी पडली तेव्हा भिवाला शरमेनं मेल्यासारखं झालं हे खरंच. पण त्याच वेळी मनाच्या तळाशी कुठंतरी बरंही वाटलं होतं. चला, इतक्यात तर जात नाही पोर! पोटच्या पोराला जागा मिळाली नाही आणि आपल्याला बरं वाटलं, याची त्याला इतकी लाज वाटे की तो स्वतःशीसुद्धा हे कबूल करत नसे.

तेवढ्यात खाडीपलीकडच्या ठाणे शहराच्या बाजारातून बातमी आली. नौपाड्याच्या बाहेर एका शेठनं बाग केली होती. शेठची गलबतं झांजीबारला जात-येत. तिकडची जनावरं आणून त्यानं बागेत ठेवली होती आणि बाजाराच्या दिवशी फाटक सगळ्यांना उघडं असायचं. पट्ट्यापट्ट्यांचं गाढव आहे, माणसाहून उंच पक्षी आहे आणि सिंह आहे. खरा, आफ्रिकेचा.

"मी बघून येतो," भिवा म्हणाला. "खरं तोंड बघितल्याबिगर शिळा व्हायची नाय."

"मी बी येते," गोदा म्हणाली. "मला बघू दे, कसलं जनावर माज्या नवऱ्याला नेतंय ते."

शेवंतीला शेजारच्या आवडाबाईकडं ठेवलं. आवडाबाई म्हणजे तिखट जिभेची बाई. "जावा, जावा," ती म्हणाली, "सासरा-सून मिळून जत्रा करा. सिंहाला माजा बी राम राम सांगा." पण पोरीला तिनं लगेच कडेवर घेतलं आणि गोदाच्या पाठीवरून हात फिरवला. तिचं सगळं असंच होतं.

खाडी ओलांडून दोघं ठाण्यात आली. बाजारातून वाट काढत नौपाड्याच्या पुढं गेली, तेव्हा ऊन चांगलं वर आलं होतं. बागेच्या फाटकाशी लोकांची ही गर्दी! ठाण्यातली पांढरपेशी मंडळी जोडे घालून, उपरणी सावरत आली होती, आगरी बायका डोकीवरच्या पाट्यांसकट आल्या होत्या, आणि सगळे एकमेकांना आफ्रिका समजावून सांगत होते. पाहिली कुणीच नव्हती.

शेठनं मात्र हौसेनं खर्च केला होता. नुसते पिंजरे ओळीनं मांडले नव्हते. जनावराचा मुलूखच उभा करायचा बेत केला होता. तांबड्या मातीचे उंचवटे, त्यांवर काटेरी बाभळी लावलेल्या. मधे गवतानं शाकारलेली गोल झोपडी. पट्ट्याच्या गाढवांना मोकळं कुरण आणि कुंपण. त्या उंच पक्ष्यांना, शहामृगांना, वाळू पसरलेली. गोदा हे सगळं डोळे भरभरून पाहत होती. ती जनावरं पाहत नव्हती, जमीन पाहत होती. काळुराम अशा जागी असेल, अशा मातीवर चालत असेल, अशा झोपडीत निजत असेल, हेच तिच्या मनात. वाकून तिनं कुंपणाशी चिमूटभर तांबडी माती उचलली आणि तिथल्या राखणदाराला विचारलं, "ही माती तिकडली हाय का, दादा?"

राखणदार मुरूडकडचा सिद्दी होता, वाडवडील मूळचे आफ्रिकेतले; वयानं भिवाएवढाच. बोलणं आपल्या कोकणातलं. "नाय बाई," तो म्हणाला, "माती हितलीच, कोलशेतची. जनावरं तेवढी तिकडची." तिचा चेहरा पडलेला पाहून त्यानं पुढं जोडलं, "पण तिकडची बी अशीच तांबडी असते म्हणतात. माझे आजे सांगायचे." गोदानं ती माती टाकली नाही. पदराच्या टोकाला बांधली.

सिंहाची जागा शेवटाला होती. जाड लोखंडी गज, आणि आत दगड रचून केलेली गुहा. भिवाची नजर सवयीनं आधी दगडांवरच गेली. गवंड्यानं सांधे काय भरले होते, नुसता भोंगळ कारभार! मग त्यानं खाली पाहिलं.

गुहेच्या तोंडाशी उन्हात एक मळकट पिवळं जनावर पाठ करून पडलं होतं. आयाळ होती, पण तिच्यात गवत अडकून जटा झालेल्या. पाठीवर केस गेलेले. कुल्ल्याची हाडं वर आलेली. माश्या बसत होत्या आणि जनावर त्यांना हाकलायचेही कष्ट घेत नव्हतं. मागचा एक पाय अधू असावा, तो विचित्र वळून पडला होता. बघ्यांत हशा पिकला. "हाच का तो जंगलचा राजा?" कुणी म्हणालं. "नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा!" एकानं तर शेंगांची टरफलं फेकून मारली. जनावरानं कान हलवला, बस.

भिवा बघतच राहिला. इतके महिने ज्याचा राग राग केला, ज्याच्या नावानं रोज सकाळी दगडावर घण घातला, तो हा? गजातून हात घालून याचा गळा धरावा अशा रागानं आला होता तो. आणि हा तर राग धरण्याच्याही लायकीचा नव्हता.

आणि गोदा हसली. तोंडावर पदर धरून हसली, पण हसली. पोपट आला त्या दिवसापासून भिवानं तिचं हसणं ऐकलं नव्हतं.

"मामंजी, ह्यो?" ती म्हणाली. "ह्यानं त्यांना नेलं म्हनं! अवो, आपल्या खाणीवरला कुत्रा ह्याच्यापरास बरा. त्यांनी एक धोंडा घातला असता तर हे पळालं नसतं? मी सांगत व्हते का नाय? सांगत व्हते का नाय तुमाला?"

"निजलंय ते," भिवा एवढंच म्हणाला.

"मग जागं झाल्यावर काय वाघ व्हनार हाय?" तिला आता थांबवत नव्हतं. "मी जरा पट्ट्याचं गाढव बघून येते. शेवंतीला सांगाया पायजे, ती इचारंल." आणि ती झपाझपा गेली. मघाची दबून चालणारी बाई जणू दुसरीच होती.

सिंह उठत नाही असं पाहून बघेही कंटाळले आणि शहामृगांकडं पांगले. भिवा एकटा उरला. तो तोंड बघायला आला होता आणि तोंड पलीकडं होतं. गजांच्या कडेनं तो बाजूला सरकला, अंगठा डोळ्यापुढं धरून नाकाची, कपाळाची मापं मनात घेऊ लागला. पाहता पाहता त्याची नजर पुढच्या पंज्यावर गेली. पंजा सैल पडला होता. घरातल्या परातीएवढा पंजा. भिवानं खांद्यापर्यंत नजर नेली आणि त्याच्या मनातलं हसू आटलं.

एवढ्यात मागच्या अंगानं राखणदार आला. खांद्यावर म्हशीची अख्खी तंगडी. "मागं सरा, बाबा," तो म्हणाला.

"ह्यो आजारी हाय का?" भिवानं विचारलं.

"म्हातारा हाय. पाय अधू, पिंजऱ्यात जनमला नाय, धरून आणलेला. निम्मं खातो. मागं सरा."

त्यानं वरच्या झडपेतून तंगडी आत सोडली. ती जमिनीला लागलीसुद्धा नसेल. मधे काय झालं ते भिवाला दिसलंच नाही. आत्ता पडलेलं जनावर आत्ता मांसावर होतं. धावलं केव्हा, उडी घेतली केव्हा, कळलं नाही. गज थरथरले. आणि मग तो आवाज. घण बसल्यावर दगड तडकतो त्याचा आवाज भिवानं जन्मभर ऐकला होता. म्हशीच्या मांडीचं हाड, जे फोडायला खाटिक कुऱ्हाड घेतो, ते एका दाबात तडकलं. एकाच. मग सिंहानं मान वर केली आणि तोंड उघडं ठेवून भिवाकडं पाहिलं. पिवळ्या डोळ्यांत राग नव्हता, दया नव्हती, ओळख तर नव्हतीच. माणूस म्हणजे त्याच्या लेखी काही नव्हतंच. घशातून एक खोल घरघर आली, ती भिवाला कानांनी नाही, छातीनं ऐकू आली. तो दोन पावलं मागं सरला.

"मोकळा असता तर?" त्यानं विचारलं.

राखणदारानं वरची झडप लावून घेतली. मग म्हणाला, "तुमचं कोण गेलं?"

"ल्योक."

राखणदारानं डोक्याचं फडकं काढलं. सिंहानं चार घास खाल्ले, बाकीचं तसंच टाकलं आणि गुहेच्या तोंडाशी जाऊन पुन्हा पाठ करून पडला. माश्या पुन्हा येऊन बसल्या.

तेव्हाच गोदा परत आली. गाल लाल झालेले. पट्ट्याच्या गाढवाचं शिंगरू कसं आईच्या पोटाखाली लपत होतं ते सांगत आली. सांगता सांगता थांबली, निजलेल्या सिंहाकडं पाहिलं आणि सासऱ्यासमोर येऊन उभी राहिली.

"मामंजी, तुमी एवढा वेळ बघताय. तुमी खरं सांगा. तुमी सांगाल ते मी शेवटचं धरीन. ह्या जनावराच्यानं व्हईल ते?"

भिवानं तिच्याकडं पाहिलं. खरं बोललो तर शिळा होणार, पाट लागणार, दोघी जाणार. खोटं बोललो तर ती अशीच हसत आपल्या घरी येणार, उद्या चूल पेटणार, परवाही पेटणार. देवाशपथ सांगतो, त्यानं ठरवून काही केलं नाही. तोंडच आपोआप बोललं.

"नाय गं," भिवा म्हणाला, "ह्याच्यानं काय व्हनार हाय?"

गोदानं तिथंच वाकून त्याच्या पायांवर डोकं ठेवलं. भिवाला धरणी पोटात घेईल तर बरं असं वाटलं. राखणदार डोक्याला फडकं पुन्हा बांधत होता. त्यानं एकवार मान वर करून भिवाकडं पाहिलं आणि निघून गेला.

परतताना गोदा पुढं आणि भिवा मागं. एरवी उलटं असायचं. ती बोलत होती. आता पुढल्या होळीला नाहीतर त्याच्या पुढल्या होळीला येतील; आल्यावर घराचं शाकार नव्यानं करू; शेवंती आता त्यांना वळखनार बी नाय. भिवा हुं हुं करत होता. बाजारात एका वडाखाली कासार बसला होता. मांडीवर पाटी, पाटीत काचेच्या बांगड्या. गोदाचे पाय तिथं थबकले.

"मामंजी," ती लाजत म्हणाली, "चुडा भरू? हात ओकेबोके दिसत्यात. दोनच ऱ्हायल्यात, त्या बी ह्या एका हातात, टवके गेलेल्या. आता भरायला काय हरकत हाय?"

भिवा काही बोलला नाही. ती त्याचा होकार समजून कासारासमोर बसली. कासारानं हिरव्या बांगड्या निवडल्या, तिचा हात हाती घेतला, अंगठा तळव्यात दुमडला, दाबत दाबत एक चढवली, दुसरी चढवली. कामाची बोटं, पण बांगड्या कशा अलगद गेल्या. एक हात भरला. "भरला बरं, ताई," कासार म्हणाला. "कुठं असतात धनी?"

"आफ्रिकेत," गोदा म्हणाली. किती थाटात म्हणाली! "आगगाडीच्या कामावर."

"वा, वा. द्या दुसरा हात. चुडा भरला की नमस्कार करा हो, भरल्या तोंडानं आशीर्वाद देतो. अखंड सौभाग्यवती…"

"थांब," भिवा म्हणाला.

कासाराचा हात थांबला. गोदानं वळून पाहिलं. भिवा आला आणि तिच्याशेजारी, बाजाराच्या धुळीत, फतकल मारून बसला.

"भरू नगं, पोरी. मी खोटं बोललो."

"काय?"

"तू गाढवाकडं गेली व्हतीस. त्याला तंगडी टाकली. गोदा, मला दिसलं बी नाय ते कवा उठलं. म्हशीच्या मांडीचं हाड एका दाबात फोडलं त्यानं. म्हातारं, लंगडं, निम्मं खानारं जनावर ते. तिकडं रानातलं, तरनं, कसं असंल?" त्याला धाप लागली. "माजा काळू तगडा व्हता. पर गोदा, त्याच्यापुढं कुनीच तगडं नाय. पोपट खरं बोलत व्हता."

गोदा हलली नाही. कासार नजर चुकवून पाटीतल्या बांगड्या उगाच सारख्या करू लागला. मग तिनं विचारलं, "मघाशी का नाय बोललात?"

"तू जाशील म्हनून," भिवा म्हणाला. "तू आन् शेवंती गेलात की मी एकला. म्हनून तुला खोट्यावर ठेवनार व्हतो. ल्योक गेला, ती पीडा मला देवानं दिली. पर तुला बारा वर्सं कुजवायचं पाप माजं सोताचं झालं असतं." आणि तो म्हातारा भर बाजारात ढसाढसा रडला.

गोदाच्या डोळ्यांत पाणी आलं नाही. तिनं हळूच विचारलं, "एका दाबात?"

"एका."

"म्हंजे त्यांना लई वेळ… लई वेळ लागला नसंल."

भिवानं डोळे पुसले. तिच्याकडं नीट पाहिलं. या एका प्रश्नाला तरी त्याच्याजवळ खरं आणि चांगलं असं एकच उत्तर होतं.

"नाय पोरी. काळूला कळलं बी नसंल. मी माज्या कानांनी ऐकलंय. एकच आवाज झाला, बास."

तेव्हा कुठं तिला हुंदका फुटला. तोंडात पदर कोंबून ती पुढं-मागं डुलत रडली. येणारे-जाणारे थांबून पाहत होते, त्यांना पाहू दे. तिला मोकळं होऊ दिल्यावर भिवा म्हणाला, "शिळेवं आता खरं तोंड काढतो, धोंडीबाला निरोप धाडतो. पाटाला मी सोता हुबा ऱ्हाईन. ल्येक म्हनून देतो तुला, सून म्हनून नाय."

गोदानं मान हलवली. मग आपला बांगड्यांनी भरलेला हात तिनं सासऱ्यासमोर जमिनीवर ठेवला.

"वाढवा," ती म्हणाली. बांगड्या फोडा असं तोंडानं म्हणायचं नसतं.

"ते बायकांचं काम, पोरी. घरी आवडाबाई…"

"नगं. घरी नगं, शेवंतीच्या म्होरं नगं. तुमी खरं बोललात, आता तुमीच वाढवा. तुमचा हात चुकत नाय."

कासार "अहो, अहो" करत उठला आणि पाठ फिरवून उभा राहिला. त्याच्या जन्मात त्यानं असलं पाहिलं नव्हतं. भिवानं वडाच्या मुळाशी पडलेला एक गोटा उचलला, तळहातावर तोलला आणि खाली ठेवला. दुसरा उचलला, बारका. जन्मभर त्यानं धोंडे फोडले होते, देवाची बोटं कोरली होती, पण इतकं नाजूक काम त्याच्या हाती कधी आलं नव्हतं. डाव्या हातानं त्यानं तिचं मनगट धरलं. मग एकेक बांगडी करत, जुन्या दोन आणि नव्या सगळ्या, त्यानं वाढवल्या. तिच्या कातडीला कुठं ओरखडासुद्धा आला नाही.

"झालं," भिवा म्हणाला. पण त्यानं तिचा हात सोडला नाही, आणि गोदानंही तो काढून घेतला नाही.